कोपऱ्यातला सेट

माझी धाकटी बहीण गोल्फचे क्लब निवडायला माझ्याबरोबर दुकानात आली, तेव्हा तिची दृष्टी जाऊन वर्ष होत आलं होतं. मी भूलतज्ज्ञ आहे. नाडी, श्वास, रक्तदाब, जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास. म्हणून पुढचं सगळं मी जसं घडलं तसंच सांगतो. अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही.

ती शाळेत भूगोल शिकवायची. एका तापात डोळ्यांच्या नसा गेल्या आणि तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायची. पांढरी काठी आणून दिली होती, ती दाराच्या खुंटीवर तशीच लटकत होती. मग मला गावाबाहेरच्या गोल्फ मैदानावरच्या एका प्रशिक्षकांबद्दल कळलं. ते न दिसणाऱ्यांना गोल्फ शिकवायचे. साथीदाराने मागे उभं राहून क्लबचं पातं चेंडूमागे सरळ लावून द्यायचं, दिशा आणि अंतर सांगायचं, फटका खेळणाऱ्याचा. मी तिच्या मागे भुणभुण लावली.

"एक काठी हातात धरत नाही म्हणून आता पिशवीभर काठ्या घेऊन देणार!" ती म्हणाली. "धन्य आहे तुझी, दादा."

कित्येक महिन्यांनी तिने केलेली ती पहिली थट्टा. तेवढ्यावर मी तिला गाडीत बसवलं.

दुकानवाल्या बाई कामात चोख होत्या. त्यांनी तिची उंची मोजली, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, बोटांची लांबी घेतली. क्लब लांब झाला तर खांदे उचलले जातात, मूठ जाड झाली तर मनगट वळत नाही, असं समजावून सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत हिरवी चटई अंथरलेली होती आणि समोर छतापासून जाळी सोडलेली. रबराचा उग्र वास येत होता. तिने एकेक सेट हातात घेतला. कधी चेंडू जागचा हलला नाही, कधी नुसती चटई खरवडली गेली. तिचे ओठ घट्ट मिटत चालले. आता ती 'चल घरी' म्हणणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात तिने मान वळवली. "त्या कोपऱ्यात काय वाजलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कोपऱ्यात कापडाने झाकलेली एक पिशवी होती.

"तो सेट मी सहसा दाखवत नाही," बाई म्हणाल्या. "घेऊन जातात आणि परत आणून देतात."

"खराब आहे का?" मी विचारलं.

"छे, खोट काहीच नाही. म्हणतात, खेळताना एकटं वाटत नाही." बाई हसल्या, पण कापड काढताना त्यांनी मान जरा मागेच ठेवली.

मी एक क्लब उचलला. त्याची मूठ उबदार होती. कोणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी. त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळेच तसे. रबर ऊब धरून ठेवतं, असं मी मनाशी म्हटलं. इतकी धरून ठेवत नाही, हे मला ठाऊक होतं.

बहिणीने क्लब हातात घेतला आणि तिचे खांदे आपोआप खाली आले. फटक्याचा आवाज स्वच्छ, टणक.

"डावीकडे," ती म्हणाली. "जाळीच्या वरच्या दोरीला लागला ना?"

खरंच तिथेच लागला होता. "हाच," ती म्हणाली. बाईंनी पिशवी आमच्या हवाली केली, तेव्हा त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

मैदानावर पहिल्या दिवसापासून मला काम उरलं नाही. पातं सरळ करायला वाकावं, तर ते आधीच सरळ असायचं. तिची समज चांगली, असं मी धरून चाललो. मग एकदा फटका मारायच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, "पुढे झाडाखाली वाळूचा खड्डा आहे म्हणालास, म्हणजे जरा उजवीकडूनच मारते."

वाळू होती. मी काही म्हणालो नव्हतो.

पुढच्या वेळी मी मुद्दाम तोंड मिटून राहिलो. ती सबंध फेरी खेळली. परतताना माझा हात दाबून म्हणाली, "आज किती छान सांगत होतास रे! एरवी तुझं बोलणं म्हणजे रिपोर्ट वाचल्यासारखं."

"काय काय सांगितलं मी?"

"तळ्यावरची घार. सावली संपते तिथलं पिवळं पडलेलं गवत. मला सगळं डोळ्यांसमोर आलं."

मी मागे वळून पाहिलं. तळ्यावर घार फिरत होती. सावलीच्या कडेला गवत पिवळं पडलं होतं. माझं लक्षही गेलं नव्हतं.

मी एक प्रयोग केला. दुकानातून दुसरा सेट मागून आणला आणि तिला न सांगता तोच नेला. ती चेंडूपुढे उभी राहिली.

"बोल ना," ती म्हणाली.

मी अंतर सांगितलं.

"असं नाही. रुसलायस का?"

चेंडू गवतात घरंगळला आणि थांबला. घरी आल्यावर ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली, जेवायला उठली नाही. दुसऱ्या सकाळी मी कोपऱ्यातला सेट गाडीत ठेवला. तिला काय सांगणार होतो? आणि कशाच्या बळावर तो तिच्याकडून काढून घेणार होतो?

त्यानंतर ती झपाट्याने सावरली. खुंटीवरची काठी तिने आपणहून काढली. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटली. उठावाच्या नकाशांवर बोटं फिरवत मुलांना नद्या शिकवू लागली. घरात तिचं हसणं ऐकू येऊ लागलं. मी विचार करणं सोडून दिलं.

एकदा रात्रीची एक शस्त्रक्रिया सकाळपर्यंत लांबली आणि मैदानावर पोचायला मला उशीर झाला. बहीण क्लबची पिशवी घेऊन टॅक्सीने पुढे गेली होती. प्रशिक्षक फाटकाशीच उभे होते.

"परत आलात? काही विसरलं का?"

"परत म्हणजे?"

"आत्ताच तर ताईंना घेऊन पुढे गेलात."

मी तसाच पुढे चालू लागलो.

स्वच्छ सकाळ होती. ती दूर, उतारावर दिसली. एकटीच. डावा हात मात्र कोपरात वाकवलेला, कोणाच्या तरी दंडात अडकवल्यासारखा. ती बोलत होती, मान मागे टाकून हसत होती.

वाटेत नुकतीच सारखी केलेली वाळू होती. तिच्यावर शेजारी शेजारी दोन माणसांची पावलं.

एक जोडी लहान, तिची.

दुसऱ्या ठशाशेजारी मी माझा बूट ठेवून पाहिला. लगेच उचलला.

मी तिच्या बराच जवळ गेलो. हाक मारायला तोंड उघडलं. पण तिचा चेहरा दिसला, आणि मी ते मिटून घेतलं. इतका उजळ चेहरा मी तिला दिसत होतं तेव्हाही पाहिला नव्हता.

तिने मान डावीकडे कलती केली. ऐकलं. "हं, कळलं," म्हणाली आणि क्लब फिरवला.

चेंडू सरळ गेला, उंच, आणि निशाणाच्या अगदी पायाशी पडला. तो पडण्याआधीच ती टाळी वाजवून हसली. मीही हसलो, आवाज न करता. डोळे भरून आले होते.

मग ती एकाएकी गप्प झाली. कान टवकारल्यासारखी उभी राहिली. आणि तिच्या डावीकडच्या रिकाम्या जागेला तिने हळूच विचारलं,

"दादा, आपल्यामागून कोण येतंय रे?"