मान डोलावणारा विद्यार्थी

रिकाम्या वर्गात एकटीच बोलणाऱ्या बाईला बघणारा वेड्यातच काढील, हे तिला माहीत होतं. म्हणून ती प्रशिक्षणाच्या बरीच आधी आली, दार लोटून घेतलं आणि रिकाम्या बाकांना संख्याशास्त्र शिकवायला लागली. शेवटी तिने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?"

"एक आहे," मागच्या बाकाखालून आवाज आला. "इथल्या प्लगला वीज येते का?"

तिच्या हातातला खडूच पडला. बाकाखालून आधी लॅपटॉपची वायर आली आणि मग केसांत जळमट अडकलेला एक तरुण. तो वनस्पतिशास्त्र विभागातला, तिच्यासारखाच नवा अध्यापन सहायक निघाला. पाठ छान होता, फक्त खालून फळा दिसत नव्हता, असं त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात त्याचं नाव 'झाडवाला' ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. ते काही जमलं नाही.

विद्यापीठाने त्या वर्षीपासून नव्या सहायकांना थेट वर्गात सोडायचं बंद केलं होतं. आधी आठवडाभर शिकवायचं कसं ते शिकायचं, शेवटी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर पाठ घ्यायचा, आणि त्यात पास झाला तरच वर्ग मिळायचा. नाहीतर विभागाच्या मागच्या खोलीत वर्षभर उत्तरपत्रिका तपासत बसायचं. इतरांना त्यात फार वावगं वाटत नव्हतं. तिला मात्र ती काळ्या पाण्याची शिक्षा वाटत होती. लहानपणी मोठ्या भावाला दामटून बसवून तिने अपूर्णांक शिकवले होते, तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

शिकवायला होत्या एक निवृत्त प्राध्यापिका. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठीमागे टाचणी, कारण कुणाचीही हवा त्या एका वाक्यात काढत. त्यांनी जोड्या लावल्या, त्याही मुद्दाम वेगळ्या विषयांच्या. जोडीदाराने जोडीदाराचा पाठ बघायचा आणि हा माणूस वर्गाला लायक आहे की नाही याचा अहवाल द्यायचा. निम्मा निकाल त्या अहवालावर होता. तिच्या वाट्याला झाडवाला आला.

पहिला सरावपाठ तिचा. बाकीचे सहायक विद्यार्थी होऊन बसले, तो पहिल्या बाकावर. ती फळ्याकडून वळली की तो मान डोलवायचा. प्रश्न विचारला की त्याचा हात वर. तिचा आवाज मोकळा झाला, हात सुटला, आणि वेळ कसा गेला ते कळलंही नाही. टाचणीबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे पावल्याच, असं तिने घरी आईला सांगितलं. आईने सवयीप्रमाणे विचारलं, "आणि समोरच्यांना कळलं का ग?"

"एकाला तरी नक्की कळलं," ती म्हणाली, आणि उगाचच पदार्थांच्या डब्यांची झाकणं लावत बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला पहिल्या वर्षाच्या खऱ्या मुलांपुढे उभं केलं. तिथे कुणीच मान डोलावली नाही. मुलं नुसती बघत होती, एक मुलगा तर खिडकीबाहेर बघत होता. ती घाबरली, घाई करायला लागली, आपलेच प्रश्न आपणच सोडवायला लागली आणि शेवटी पाठ फिरवून फळ्याशीच बोलत राहिली. पाठ संपल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "फळ्याला चांगलं समजलेलं दिसतंय. शुक्रवारी शेवटची संधी."

तिने झाडवाल्याला कँटीनच्या रांगेत गाठलं.

"तुम्हाला संख्याशास्त्रातलं काय कळतं?"

"काहीच नाही."

"मग काल मान कशाला डोलवत होतात?"

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही दर वाक्याला माझ्याकडे बघत होता. डोलावली नसती तर… बघायच्या थांबला असतात."

तिला राग आला. आणि बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचा आणखी राग आला. तुमच्या त्या मानेपायी मी तोंडघशी पडले, असं तिने त्याला ठणकावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की आजपासून रोज संध्याकाळी तो समोर बसेल आणि जे कळणार नाही ते कळलं नाही म्हणून सांगेल.

त्याने शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. दगडासारखा बसायचा. नमुना म्हणजे काय हे तिने तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, शितावरून भाताची परीक्षा, तसं."

"पण वरचं शीत शिजलेलं आणि तळचा भात कच्चा असला तर?"

"म्हणून आधी ढवळायचं. कुठलंही शीत हाताला लागू शकेल, असं…" ती मध्येच थांबली. "मी ढवळलंच नाही. तुमच्या एका मानेवरून अख्खा वर्ग शिजला म्हणून मोकळी झाले."

"आत्ता कळलं," तो म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं, हे तिला चेहऱ्यावरूनच दिसलं. दोघांनाही उठायची घाई नव्हती.

शुक्रवारी बाहेर पावसाची भुरभुर होती. तीच पहिल्या वर्षाची मुलं बसली होती, ती खडू घेऊन उभी होती, आणि झाडवाला अहवालाचा कागद घेऊन मागे बसायच्या ऐवजी सरळ बाईंपुढे गेला.

"मॅडम, यांचा पाठ बघायला दुसरं कुणीतरी द्या. मी यांच्या बाबतीत तटस्थ नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "थोडे की फार?"

"अजिबातच नाही."

वर्गात खसखस पिकली. बाईंनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला, स्वतः मागे जाऊन बसल्या आणि त्याला बाहेर घालवलं. तिचे कान तापले होते. सगळ्या आठवड्यात तिला धीर देणारा एकमेव माणूस आयत्या वेळी दाराबाहेर गेला होता, आणि जाता जाता हे बोलून. क्षणभर तिला फळ्याकडे वळावंसं वाटलं.

ती वळली नाही. तिने पाठ सुरू केला, आणि थोड्याच वेळात बाकांमधून चालत मागे जाऊन त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला विचारलं, कुठपर्यंत कळलं? पहिल्या वाक्यापर्यंत, तो म्हणाला. मग तिने दुसऱ्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. एका मुलीला विचारलं, मग कोपऱ्यातल्या दुसरीला, मग पुन्हा त्या मुलाला. मान कुणीच डोलावली नाही. पण तास संपला तेव्हा चौघेजण भांडत होते, आणि भांडण नमुन्यावरून होतं.

"वर्ग घ्या," बाई एवढंच म्हणाल्या.

तो जिन्यात उभा होता. तिने वर्ग मिळाल्याचं सांगितलं, आणि त्याचा चेहरा उजळायच्या आत विचारलं, "आजच बोलायचं काय अडलं होतं तुझं?" तोंडात 'तू' कधी आलं, ते तिलाही कळलं नाही.

"मी 'लायक' लिहिलं असतं तर तुला कायम वाटलं असतं, की यानेच पास केलं. ते तुझं तुझं असायला हवं होतं."

एकदम तिला आठवलं, दुपारी त्याचा पाठ होता, आणि त्याचा अहवाल लिहायचा होता तिने. ती तशीच मागे फिरली. तोही तिच्यामागून दारापर्यंत आला.

"मॅडम, दुपारी मला यांच्या पाठाला बसता यायचं नाही," ती म्हणाली. "तो मला आवडतो. त्याने झाडाचं पान उलटं धरून शिकवलं तरी मला ते छानच वाटेल."

बाईंनी दाराकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

"बरं. दुपारीही मीच बसते. आता दोघं बाहेर जा, पुढच्याचा पाठ सुरू करायचाय."