भिंतीपलीकडचे दोन ठोके

माती ढासळल्याचं कळंबात कुणालाही विचारा, सांगतील. बाकीचं फक्त बंडप्पा मिस्त्रींना ठाऊक आहे, आणि आता मला. ते माझ्या आईचे मावसभाऊ. पदरचं तिखट-मीठ लावून बोलणारा हा माणूस नव्हे.

आणि ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. गेल्या दिवाळीआधीचा बुधवार... भर दुपार.

दादामियाँचं धान्याचं दुकान. खाली तळघर. तळघराच्या पायाच्या भिंतीतली सळई गंजून फुगली होती आणि सिमेंटचे पोपडे पडत होते. वर दोन मजल्यांचा भार. दुरुस्तीचं काम बंडप्पा आणि कोंडीराम या जोडीकडे आलं.

वीस वर्षांची जोडी. बंडप्पा आतून ठोकायचे, कोंडीराम बाहेरून. बाहेरच्या अंगाला पायापर्यंत चर खणलेला, पुरुषभर खोल. मधे जाड भिंत, हाक ऐकू येणार कशी? म्हणून दोघांची रीत ठरलेली. आतून हातोडीचे दोन ठोके. बाहेरून त्याच जागी दोन ठोके. म्हणजे, आहे मी इथं, चला पुढं.

बंडप्पांनी ठोके दिले.

टक... टक...

पलीकडून उत्तर आलं.

टक... टक...

ते हातभर पुढे सरकले. पुन्हा ठोके, पुन्हा उत्तर. असं करत पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यात उत्तर जरा घाईने आलं, एवढंच.

पाणी प्यायला ते वर आले, तर कोंडीराम दुकानासमोर गाडी लावत होता.

"कुठं गेला होतास रं?"

"जातोय कुठं? आत्ताच येतोय वाशीवरनं. वाटेत पंक्चर झाली गाडी. लई शिव्या घातल्या असतील तुमी."

बंडप्पांनी चरात वाकून बघितलं...

कुणी नव्हतं. ओल्या काळ्या मातीवर पावलाचा ठसासुद्धा नव्हता.

ते मागे सरले. "कोंड्या, आज ऱ्हाऊ दे काम."

"का?"

"मन न्हाय माझं."

"तुमचं मन आन् दादामियाँची भिंत, दोनी पोकळ!" असं म्हणून कोंडीराम हसत चरात उतरलासुद्धा.

बंडप्पांनी अडवलं नाही. पन्नाशीच्या मिस्त्रीने भर बाजारात भुताचं नाव कसं काढायचं? लोक तोंडावर हसले असते. तिथंच चुकलं.

ते तळघरात आले. हातोडी उचलली. ठोका द्यायच्या आत...

धप्प!

सगळी भिंत हादरली. वरून दादामियाँ ओरडले, "मिस्त्री! माती ढासळली! कोंडीराम आत गेला!"

बंडप्पांनी भिंतीला कान लावला. काहीच नाही...

मग आलं.

टक... टक... टक टक टक...

पूर्वेच्या कोपऱ्यातून.

"जित्ता हाय! पूर्वेला खणा! ठोकतोय त्यो!"

बाजारातले हमाल फावडी घेऊन धावले. बंडप्पा वर धावले आणि नुसत्या हातांनी माती उपसू लागले. दादामियाँ खाली जाऊन भिंतीशी कान लावून उभे राहिले. "मिस्त्री, मला तर काय ऐकू येईना," ते म्हणाले.

बंडप्पा खाली पळाले. कान लावला.

टक... टक...

"हाय की! खणा, थांबू नगा!"

तुम्ही म्हणाल, मघाचे ठोके त्यांना आठवले नाहीत? नाही आठवले. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो, तसं झालं त्यांचं.

वीस मिनिटांनी कोपरा मोकळा झाला.

कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

ठोके थांबले होते.

कोंडीराम पश्चिमेला सापडला, बारा हात लांब. अंग गरम होतं. हातोडी मुठीत घट्ट. त्याच्या डोक्याशेजारी भिंतीवर ठोक्यांच्या ताज्या खुणा होत्या... कितीतरी. त्यातला एकही बंडप्पांना ऐकू आला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ श्वास चालू असावा. थोडं आधी काढलं असतं तर...

पूर्वेच्या कोपऱ्यात कोण ठोकत होतं? ते आजतागायत कळलेलं नाही. त्या जागेत पूर्वी काही झाल्याचंही कुणी सांगत नाही.

तेराव्याला कोंडीरामची बायको उमाबाई सगळ्यांसमोर बंडप्पांच्या पाया पडली.

"दादा, हातातनं रगत येईपतोर खणत हुता म्हनं तुमी. तुमच्यामुळं मालकाचं तोंड तरी बघाया मिळालं."

बंडप्पांनी सोललेले हात पाठीमागे लपवले.

ती अजून सणावाराला त्यांच्या घरी डबा पाठवते. त्यांना घास गिळवत नाही.

उमाबाईला खरं सांगू का, असं त्यांनी मला विचारलंय. चार महिने झाले... मी अजून उत्तर दिलेलं नाही.