सातवी कृती

गोदामाच्या कार्यालयात संगणक सांभाळणारा मी एकटाच. सोमवारी दुपारी मुख्य कार्यालयातल्या बाईंचा फोन आला.

"सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाचच्या आत संगणकातून काढून टाका." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचीही आहे त्यात. जमेल ना?"

"जमेल."

बायको इथेच आवक-जावक बघायची. ती वारली त्याला सात महिने झाले होते. तिच्या टेबलावर आता रिकामी खोकी होती.

काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करत मी एकेक नोंद तपासू लागलो. विचारलं की नोंद दोन गोष्टी सांगते: तिच्यात काय काय आहे आणि तिला काय काय करता येतं. नाव, विभाग, फोन हे गुणधर्म. कुलूप लावणं, पासवर्ड बदलणं या कृती. अकरा नोंदी झाल्या. प्रत्येकीला सहा कृती.

बायकोच्या नोंदीला सात होत्या. सातवीचं नाव होतं 'बोल'.

मी बाईंना फोन लावला. "एखाद्या नोंदीला जास्तीची कृती असते का हो?"

"कशी असेल? सगळ्या एकाच साच्यातल्या." त्या हसल्या. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मी बोट ठेवून मोजलं. सातच. मग कृती चालवली.

'जेवलास का?'

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून त्या नावामागची आज्ञावली उघडली. आत एकही ओळ नव्हती.

"नाही," मी म्हणालो. संगणकाला माइक नव्हता, खोलीत दुसरं माणूस नव्हतं. पुन्हा कृती चालवली.

'मग खाऊन घे काहीतरी. मी आहे.'

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. सात महिन्यांत जेवलास का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं.

पाच वाजता फोन वाजला. "मिसेसची नोंद काढली का?"

"काढली," मी खोटं बोललो.

"बरं. तुमची स्वतःची नोंद जरा बघता का? त्यात काहीतरी बदललेलं दिसतंय इथून."

"मी हातही लावलेला नाही तिला."

"तरी बघा."

फोन ठेवून मी माझ्या नोंदीला विचारलं.

सात कृती.

सातवी होती 'ये'.

मी कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

खाली आपोआप एक ओळ उमटली: 'कृती सुरू झाली.'