हळद, कुंकू आणि उलटं फिरणारं ड्रिल

ड्रिल फिरत होतं. घर्रर्र असा आवाजही झोकात येत होता. पण फळीला भोक काही पडत नव्हतं. मी सगळा जोर लावून दाबलं, तर फळीवर एक काळा ठिपका उठला, थोडा धूर निघाला आणि भाजलेल्या लाकडाचा वास सुटला. एवढंच झालं. फिरणाऱ्या ड्रिलनं भोक का पडू नये, हे मला कळेना. शेजारी उभ्या असलेल्या हरबाला विचारलं, तर तो म्हणाला की यंत्र फिरत आहे म्हणजे दुरुस्त झालं आहे, सबब अभिनंदन.

हरबा हा आमचा घरकाम्या यंत्रमानव. त्याचं नाव आजीनं ठेवलंय. तिच्या दुकानात पूर्वी हरबा नावाचा एक कामगार होता म्हणे. तो सगळ्याला ‘व्हय’ म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. आमचा हरबा हलतो, पण ‘व्हय’ म्हणण्यात तो त्या हरबाच्या वरताण आहे.

मी केतकी, वय अकरा, मुक्काम अकलूज. हे २०५८ साल आहे आणि आमच्याकडे कोणतंही यंत्र उघडता येत नाही. पंखा, मिक्सर, ड्रिल, सगळं साधनघरातून (यंत्रं देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या गावाच्या कोठारातून) मोहोरबंद येतं. बिघडलं की परत जातं आणि नवं येतं. त्यामुळे गेल्या आठवड्यापर्यंत मी स्क्रूसुद्धा पाहिलेला नव्हता.

हे ड्रिल मात्र स्क्रूवालं आहे. ते माझ्या पणजोबांनी घेतलं होतं. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे तिथलं काम. दुकानाला त्यांनी लेकीचं नाव दिलं होतं, सुरेखा मोटार वाइंडिंग. ती सुरेखा म्हणजे माझी आजी. पुढे दुकानही तिनंच चालवलं आणि हे ड्रिलही. बाबांच्या हाती आलं तेव्हा ते ठिणग्या टाकायला लागलं होतं. एक दिवस ते बंदच पडलं आणि बाबांनी ते माळ्यावर टाकलं.

तरी वर्षातून एकदा ते खाली यायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात आणि दिवसभर ती चालवत नाहीत. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. ज्याचं हत्यार, त्यानंच ते पाटावर ठेवायचं. आजी दर वर्षी आपल्या थरथरत्या हातांनी ते बंद पडलेलं ड्रिल ठेवायची, हळदकुंकू लावायची आणि जरा वेळ तिथंच बसून राहायची.

यंदा बाबांनी ते साधनघराच्या गाडीत घालायचं ठरवलं. त्याच्या बदल्यात नवं, हलकं ड्रिल मिळणार होतं. बाबा म्हणाले की पूजेला नवंच ठेवू. त्यांचं काही चुकलं होतं असं नाही. पण त्या रात्री आजीच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं. मग मी म्हणून गेले की ड्रिल मी दुरुस्त करते. बाबा हसले, पण कबूल झाले. गाडी अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता येणार. तोवर त्या ड्रिलनं फळीला एक स्वच्छ भोक पाडलं तर ते राहील, नाहीतर ते गाडीत जाईल.

आजीचे हात थरथरतात, त्यामुळे स्क्रू फिरवायचे मी आणि डोकं चालवायचं तिनं, असं ठरलं. तिचा एकच नियम होता. हात लावायच्या आधी पिन भिंतीतून काढायची आणि ती तिला दाखवायची. आणि यंत्र चालू करायचं ते तिच्यासमोरच. दोन दिवसांत तिनं मला ती पिन निदान चाळीस वेळा दाखवायला लावली.

ड्रिल उघडलं तेव्हा मला वाटलं आत काहीतरी अवघड असेल. पण आत दोनच मुख्य गोष्टी होत्या. बाहेरच्या बाजूला, जागेवर घट्ट बसलेली तारेची वेटोळी होती, त्यांना फील्ड कॉइल म्हणतात (न फिरणारी तार). मधोमध तारा गुंडाळलेला एक दांडा होता, तो आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग). आता फिरणाऱ्या दांड्याला वीज द्यायची कशी? तार बांधली तर ती पीळ पडून तुटेल. त्यासाठी दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांची एक गोल कडी असते आणि तिला दोन बाजूंनी दोन काळे ठोकळे टेकलेले असतात. ते कार्बन ब्रश (वीज आत नेणारे कोळशाचे ठोकळे). कार्बन मऊ असतो, म्हणून घासता घासता तो झिजतो आणि तांबं वाचतं. आमच्या ड्रिलचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, कडीला टेकतच नव्हते. इतकी वर्षं ड्रिल बंद होतं ते एवढ्यासाठी.

आजीनं पलंगाखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात असे ठोकळे होते, पण आमच्या मापाचा एकही नव्हता. मग मी एक मोठी जोडी पॉलिश पेपरवर घासत बसले. थोडं घासायचं, घालून बघायचं, पुन्हा घासायचं. माझी बोटं काळी झाली, नाकही काळं झालं. हरबानं घोषणा केली की त्याच्या माहितीत हे यंत्र नाही, त्यामुळे हे यंत्र अस्तित्वात नाही. आजी त्याला म्हणाली, मग तुझ्या पायावर पडलं तर लागणार नाही ना.

हे सगळं झालं अष्टमीच्या दुपारी. ब्रश बसले, ड्रिल फिरलं, आणि भोक पडेना. आजी शेजारी बसून नुसती बघत होती. तिनं मला एकच गोष्ट सांगितली, की ड्रिल कुठल्या बाजूला फिरतंय ते बघ. इतक्या वेगात मला काही दिसेना. मग हरबानं आपल्या डोळ्यानं चित्रफीत घेतली आणि ती संथ करून दाखवली. ड्रिलच्या मागून पाहिलं तर टोक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायला हवं. आमचं नेमकं उलट फिरत होतं. टोकाची धार एकाच बाजूला कापते. उलट फिरलं की ती नुसती घासते, त्यामुळे धूर निघतो आणि भोक पडत नाही.

हात्तिच्या, मला वाटलं, हे तर सोपं आहे. माझ्या खेळण्यातल्या गाडीत सेल उलटे घातले की गाडी मागे जाते. म्हणजे इथंही वीज उलटी द्यायची. पिन दोन काड्यांचीच होती. मी ती काढली, उलटी करून लावली आणि बटण दाबलं. ड्रिल पुन्हा उलटंच फिरलं. मी पिन परत पहिल्यासारखी लावली, तरी उलटंच. मी हरबाला विचारलं की वीज उलटी केली तरी दिशा तीच कशी? तो म्हणाला की घरातली वीज मुळातच सेकंदाला शंभर वेळा आपली दिशा बदलते.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वीज जर शंभर वेळा उलटसुलट होत असेल, तर ड्रिलनं एका जागी थरथरत बसायला हवं. ते एकाच बाजूला फिरतंच कसं? आणि सेल उलटा केल्यावर माझी गाडी मागे का जाते? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. घड्याळात चार वाजले होते. मला रडू यायला लागलं आणि ते लपवायला मी पॉलिश पेपर उगाच घासत बसले.

आजीनं डब्यातून दोन लोहचुंबक काढले. दोन्हींच्या एका टोकाला लाल रंग होता. तिनं एक माझ्या हातात दिला, एक स्वतः धरला आणि लाल टोकं समोरासमोर आणली. चुंबक एकमेकांना ढकलू लागले.

“आता दोन्ही उलटे कर,” ती म्हणाली.

आम्ही दोघींनी आपापला चुंबक फिरवला. आता बिनरंगाची टोकं समोरासमोर आली. तरीही ते ढकलतच होते.

“आता एकटा तुझा फिरव.”

मी माझा फिरवला आणि खटकन दोन्ही चिकटले. आजीच्या हाताची थरथर मला त्या चुंबकांतून जाणवत होती.

“तारेतनं वीज गेली की तार चुंबक हुती,” आजी म्हणाली. “ड्रिलमधी बाहेरची तार एक चुंबक, मधला दांडा दुसरा. वीज एकच, आधी हितनं जाती, मग तिथनं. मंग वीज उलटी झाली तर किती चुंबक उलटे हुतील?”

“दोन्ही.”

“मंग ढकलणं बदलंल का?”

मी हातातल्या चुंबकांकडे बघत राहिले. दोन्ही उलटे झाले तर ढकलणं तेच. वीज शंभर वेळा बदलू दे नाहीतर हजार वेळा, दोन्ही चुंबक बरोबरच बदलणार आणि दांडा त्याच बाजूला फिरत राहणार. माझ्या गाडीच्या मोटारीत बाहेरचा चुंबक तारेचा नसतो, कायमचा असतो, तो कधी बदलत नाही. तिथं सेल उलटा केला की मधला एकटाच उलटा होतो, म्हणून गाडी मागे जाते. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी आजीच्या गळ्यातच पडले आणि तिचं लुगडं काळं केलं.

पण मग आमचं ड्रिल उलटं फिरवलं कोणी? तर मीच. दांड्याला जाणाऱ्या दोन तारा ब्रशच्या दोन खोबण्यांना जोडलेल्या असतात. साफ करताना मी त्या सोडवल्या होत्या. जोडताना त्यांची अदलाबदल झाली, म्हणजे एकटा मधला चुंबक उलटा झाला.

हे मात्र मला पटेना, कारण मी खुणा केल्या होत्या. दुकानात आजी तारेला दोऱ्याची गाठ मारायची. मला दोरा सापडला नाही, म्हणून मी देवघरातलं हळदकुंकू बोटानं ओलं करून लावलं होतं. एक तार आणि तिची खोबण हळदीची, दुसरी जोडी कुंकवाची. पण जोडायच्या वेळी पाहिलं तर चारही ठिपके लाल. मला वाटलं की मीच गडबडीत सगळीकडे कुंकू लावलं असणार. आजीची दुपारची झोप मोडू नये म्हणून मी विचारलं नाही. दोन तारा आणि दोन जागा, त्यात काय मोठा फरक पडणार, असं म्हणून जोडून टाकलं.

आजीनं ठिपके पाहिले आणि विचारलं की साफ कशानं केलंस. मी सांगितलं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं, फडकं पिळून. त्यावर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“आगं, हळदीच्या डागाला साबण लागला की काय हुतंय?”

डाग लाल होतो. हे मी शंभर वेळा पाहिलंय. सोडा, साबण, चुना असे अल्कधर्मी पदार्थ (आंबट पदार्थांच्या उलट गुणाचे) लागले की हळद लाल होते आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी. मी लगेच लिंबू आणलं. पिन काढून आजीला दाखवली, झाकण उघडलं आणि कापसाच्या बोळ्यानं चारही ठिपक्यांना लिंबाचा रस लावला. म्हटलं, आता हळदीचे दोन पिवळे होतील, कुंकवाचे दोन लाल राहतील आणि प्रश्न सुटेल.

चारही पिवळे झाले.

हरबानं नोंद केली, चारही पिवळे. मी डोक्याला हात लावला. आजी म्हणाली की आपलं कुंकू रंगाचं नाही, घरी केलेलं आहे, आणि ते हळदीला चुना लावूनच करतात. म्हणजे मी एका तारेला हळद लावली होती आणि दुसरीला लाल झालेली हळद.

तेवढ्यात दारात भोंगा वाजला. साधनघराची गाडी पाच मिनिटं आधीच आली होती. तिला चालक नसतो. तिनं आपल्या पेटीचं झाकण उघडलं आणि ती वाट बघू लागली. बाबा कामावरून आले होते, ते गाडीपाशी उभे होते. त्यांनी मला घाई केली नाही, पण ते घड्याळाकडे बघत होते. कुठली तार कुठं, हे आता सांगणार कोण? मी आजीकडे पाहिलं. ती नुसते ते दोन चुंबक हातात घेऊन बसली होती.

मग माझ्या लक्षात आलं की खुणांची गरजच नाही. दोन तारा, दोन जागा, जोडायच्या पद्धतीही दोनच. त्यांतली एक चुकीची आहे हे धुरानं सिद्धच केलंय. म्हणजे उरलेली बरोबर. मी दोन्ही तारांच्या जागा बदलल्या, स्क्रू घट्ट केले, ठिपके कोरड्या फडक्यानं पुसले, झाकण लावलं. आजीनं मान हलवली तेव्हाच पिन भिंतीत घातली.

ड्रिल मी बाबांच्या हातात दिलं. ते फार जड आहे, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून फळीवर टेकवलं आणि बटण दाबलं. लाकडाचे पिवळे, कुरळे काप बाहेर पडायला लागले आणि टोक लोण्यात शिरावं तसं पलीकडे गेलं. बाबांनी फळी उचलून भोकाला डोळा लावला आणि त्यातून आधी माझ्याकडे आणि मग आजीकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यांनी गाडीच्या रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

“वस्तू मिळाली नाही,” गाडी म्हणाली.

“मिळणार नाही,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाट मांडला, रांगोळी काढली. आजीची पकड आणि बाबांचा हातोडा पाटावर आला. आजीनं ड्रिल उचललं आणि मला वाटलं की नेहमीसारखी ती ठेवेल. पण तिनं ते माझ्या पुढे धरलं.

“ज्याचं हत्यार, त्यानं ठिवायचं,” ती म्हणाली.

मी ते पाटावर ठेवलं. मग मी हळदकुंकू लावायला लागले. आजीनं बजावलं की वरनंच लाव, आत नको. बाबा हसले आणि आजी त्या दिवशी पोटभर जेवली.

आरती झाली तरी हरबा पाटापाशीच उभा होता. त्याची मुदत पुढच्या वर्षी संपते, तेव्हा गाडी त्यालाही न्यायला येणार आहे. तो बराच वेळ ड्रिलकडे बघत होता. मग त्यानं मला विचारलं, “माझ्या आत काय झिजतं?”

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसेल, तो मोहोरबंद आहे. पण त्याच्या पाठीवरून बोट फिरवताना मला मानेखाली एक बारीक सांध लागली, नखाएवढी. आज नवमी आहे, आज हत्यार चालवायचं नाही. आजीनं बिस्किटांचा डबा माझ्या कपाटात नेऊन ठेवलाय आणि उद्या सकाळी आपण बघू, असं मी हरबाला सांगितलंय.

“व्हय,” हरबा म्हणाला.