तीसपर्यंत मोजायचं होतं

पहिल्याच भेटीत आमच्या मेंढ्याने जनावरांच्या डॉक्टरला चिखलात पाडलं, आणि मी मदत करायची सोडून खो खो हसत सुटले.

"हसून झालं असेल तर... हात द्या," तो म्हणाला. दिला. उठल्यावर हात सोडायला मात्र विसरला मेला!

पण माझा जीव टांगणीला लागला होता. पैदास दरवर्षी खुजी होत चालली म्हणून बाबा कळप विकायला निघालेले. मी हट्टाला पेटले — कृत्रिम रेतन करू! शेवटी बाबा म्हणाले, "बारा मेंढ्या घे. निम्म्या गाभण राहिल्या तर कळप तुझा. नाहीतर मी विकून मोकळा."

डॉक्टरने जातिवंत मेंढ्याच्या रेताच्या गोठवलेल्या कांड्या आणल्या होत्या. प्रत्येक कांडी कोमट पाण्यात बरोबर तीस सेकंद धरायची. तो मोजायचा, मी मेंढी धरायची. शेवटची माझी लाडकी काळतोंडी. नेमकी तेव्हाच माझी बट डोळ्यावर आली. हात अडकलेले, म्हणून मी फुंकर मारून उडवत होते... आणि मोजणं ऐकू येईना.

"किती झाले?"

"अं... तीस!"

सतराव्या दिवशी, मेंढ्या फळू नयेत म्हणून पोटाला ॲप्रन बांधून, छातीला लाल रंग फासून मेंढा कळपात सोडला. जी पुन्हा माजावर येईल तिच्या पाठीवर लाल ठसा. कोरी राहील ती गाभण. बोलावलं नव्हतं तरी डॉक्टर हजर.

संध्याकाळी पाच लाल, सात कोऱ्या! मी उडीच मारली.

"घे बाई, सांभाळ तुझा कळप," बाबा म्हणाले.

पण लाल पाचांत काळतोंडी होती. माझे डोळे भरून आले.

"तिची कांडी माझ्यामुळे वाया गेली," डॉक्टर पुटपुटला. "एकोणिसावर चुकलो. तुम्ही... बटेवर फुंकर मारत होतात."

"आणि बाकीच्या चार?" बाबांनी मागून विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "त्यांचं नाही माहीत, काका. तेव्हा मी नीट मोजत होतो."

बाबा हसू दाबत चारा टाकायला गेले.

"आवडता तुम्ही मला," तो घाईघाईने म्हणाला. "चिखलात पडलो तेव्हापासून."

माझ्या छातीत नुसती धडधड! तरी म्हटलं, "उद्या सकाळी या. काळतोंडी माजावर आहे. पण मोजणार मी!"

सकाळी मेंढी बाबांनी धरली. मी पाण्यावरची नजर हलू न देता मोजलं. अठ्ठावीस... एकोणतीस... तीस. मान वर केली, तर स्वारी माझ्याकडेच बघत होती.

"कांडी काढा आधी!" मी ओरडले. "माझ्याकडे बघायला जन्म पडलाय."