वाचण्यापुरती परवानगी

धाकटा भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका शाळेला नकार लिहीत होतो. मंगळवार, सकाळचे अकरा. शाळेला एका वाचनालयाची सभासदयादी बघायची होती. असे अर्ज तपासणं हेच माझं काम. आमच्या कंपनीची यंत्रं खालच्या मजल्यावर एका लांबलचक दालनात आहेत. शाळा, दवाखाने, गोदामं असे शेकडो भाडेकरू आपली माहिती त्यांच्यात ठेवतात. यंत्रं सामाईक, कप्पे वेगळे. एकाला दुसऱ्याच्या कप्प्यात डोकवायचं असेल, तर अर्ज माझ्याकडे येतो. कोण, काय, किती दिवस. वाचण्यापुरतं, की बदलण्यासाठीही.

मी नकाराचं वाक्य पुरं केलं आणि मग उठलो.

धाकटा त्याच दालनात कामाला होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. मी खाली पोचलो, तेव्हा कुणीतरी त्याच्या अंगावर आपलं जाकीट घातलं होतं. दालनात नेहमीची थंडी, तापलेल्या धुळीचा वास आणि यंत्रांची एकसुरी घरघर.

आम्ही सहा महिने बोलत नव्हतो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही हृदयाचाच त्रास आहे. तिच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलंय. ठोके मंदावले की ते त्यांना पुढे ढकलतं. ठोके किती खाली जाऊ द्यायचे, हे दवाखाना दुरून ठरवतो, आणि तो दवाखाना आमचाच भाडेकरू. धाकटा एकदा माझ्या टेबलाशी आला होता.

"दादा, तिच्या नोंदी एकदा बघू दे. डॉक्टर नुसतं ठीक आहे म्हणतात."

"दवाखान्यामार्फत अर्ज कर."

"केला. त्यांनी टोलवला. तू फक्त हो म्हण."

"तसं करता येत नाही."

तो हसला. "लोकांच्या घरात मोठा भाऊ जन्मतो. आमच्याकडे कुलूप जन्मलं."

त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो, तरी तो मान फिरवायचा.

माणूस गेला, मग नोकरीतून असो वा जगातून, की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, असा आमचा नियम आहे. तो मीच लिहिलाय. धाकट्याचं खातं मी बंद केलं नाही. उद्या करू, म्हणत राहिलो. कारण विचाराल, तर यादीत त्याचं नाव माझ्या नावाच्या लगेच खाली होतं, एवढंच.

नवव्या दिवशी दुपारी त्या खात्यावरून अर्ज आला. काय: मुलीच्या नोंदी. अधिकार: वाचण्यापुरता. मुदत: एक दिवस. कारण: दादा, एकदा बघू दे.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं वाटून मी तडक खाली गेलो. धाकट्याचं टेबल रिकामं होतं. कीबोर्डसुद्धा काढून नेलेला. वायर गुंडाळून ठेवलेली.

वर येऊन मी खातं बंद करायला हवं होतं. मी अर्ज मंजूर केला. जिवंतपणी जे दिलं नाही, ते एका दिवसापुरतं तरी द्यावं, असं वाटलं. बटण दाबलं आणि पायाखालची घरघर थांबली. श्वासभरच. मग सुरू झाली... आधीपेक्षा जरा हळू.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज. अधिकार: बदलण्याचा. मुदत: कायम. मी नाकारला. तो परत आला. पुन्हा नाकारला. कारणाच्या रकान्यातले शब्द दर वेळी वेगळे.

बाप मी आहे.

बाजूला हो.

तुला विचारत नाही, कळवतोय.

अखेर मी ते खातं बंद केलं. त्याचं नाव यादीतून गेलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि खोलीत तापलेल्या धुळीचा वास भरला होता.

खात्री करावी, म्हणून दवाखान्याच्या कप्प्यातल्या पुतणीच्या नोंदींवरच्या परवानग्या उघडल्या. डॉक्टर. परिचारिका. त्याखाली तिसरी ओळ होती, नावाची जागा रिकामी. अधिकार: बदलण्याचा. मंजुरी: रुग्णाची संमती. मी ती ओळ काढू लागलो, तर उत्तर आलं: संमती देणाऱ्यानेच मागे घ्यावी. शेजारच्या रकान्यात किमान ठोके सत्तर होते. माझ्यादेखत ते अडुसष्ट झाले.

दवाखान्यात फोन लावला.

"सत्तरच आहेत," परिचारिका म्हणाली. "माझ्यासमोर स्क्रीन आहे ना."

"पुन्हा एकदा बघा..."

"साहेब, तुमचे भाऊ नुकतेच गेलेत. थोडी रजा घ्या."

संध्याकाळी धाकट्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं.

"आलात दादा? आता कुठला नियम सांगायचा राहिलाय?" एवढं बोलून ती आत वळली.

पुतणी जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. उकडत होतं, तरी अंगात स्वेटर. मी तिचा हात हातात घेतला. गार होता.

"तुला कुणी काही विचारलं का गं?" मी हळूच म्हणालो.

"बाबांनी."

"काय... काय विचारलं?"

"तिकडे सगळं हळू चालतं म्हणाले. तुझंही करू का... मी हो म्हटलं."

"आता नाही म्हणशील? फक्त एकदा?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे.

"नाही म्हणायला मी काका नाहीये."

ती पुन्हा वहीकडे वळली. एक बेरीज झाली, दुसरी झाली.

"आणि बाबा म्हणाले, आत यायला वाट काकानेच दिली," ती वहीत बघत म्हणाली. "त्याआधी त्यांना मी दिसतच नव्हते."

"कसली कुजबुज चाललीय?" तिच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्याला आज आठवडा झाला. रोज सकाळी कामावर आल्या आल्या मी तो रकाना बघतो. आज तिथे चोपन्न आहे. दवाखान्यात अजूनही सत्तरच दिसतात. पहिली परवानगी मी दिली होती, हे तिच्या आईला मी सांगितलेलं नाही.