दक्षिणेकडे पाय

टॉर्च बंद करा. ज्याला भीती वाटत असेल त्यानं आत्ताच उठून जावं, मध्येच आईला हाका मारायच्या नाहीत. भाग्यश्री माझ्या मावसबहिणीची मुलगी. तिनं सांगितलं, तसंच सांगतो.

साल दोन हजार तीन. तेवीस नोव्हेंबर, रविवार, कार्तिक अमावास्या. भाग्यश्री नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कोथरूडच्या एका दवाखान्यात तिला रात्रपाळी होती. नऊच्या सुमारास ती खालच्या लॅबमधून गोदाबाईंचा रिपोर्ट घेऊन बायकांच्या वॉर्डात आली.

गोदाबाई यवतमाळकडच्या. मुलगा हिंजवडीला कंप्युटरच्या नोकरीत, म्हणून पुण्यात आलेल्या. न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त, त्यामुळे ऑपरेशन लांबलेलं. अकरा दिवस पाय जमिनीला लागला नव्हता.

"उम्मे नाही आली का वो?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना, आजी."

"तिलेच धाड."

भाग्यश्रीनं रिपोर्ट खाटेला अडकवला. उम्मे म्हणजे उम्मेहानी, तिच्याच वर्गातली, त्याच पाळीला. पहिल्या दिवशी गोदाबाई औषध घेईनात, डोळा मिटेनात. सगळ्यांनी समजावून पाहिलं. उम्मेहानीनं फक्त विचारलं, "आजी, घरी तुम्ही कशा झोपता?" बाई रडायलाच लागल्या. इथं त्यांचे पाय दक्षिणेकडे होते, आणि तसं निजवतात ते मेलेल्या माणसाला. उम्मेहानीनं परवानगी काढून खाट फिरवली. बाई गाढ झोपल्या.

शिकवणाऱ्या इंदुबाईंनी हे भर वर्गात सांगितलं. "सुई टोचणं कुणीही शिकेल. समोरच्याची रीत त्यालाच विचारावी लागते, हे हिला कळलं."

तीन वर्षं पहिली येणारी भाग्यश्री वहीत रेघोट्या मारत बसली. दक्षिणेचं तर ती स्वतःच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेली. ते आपल्याला सुचू नये आणि हिला सुचावं?

उम्मेहानीचे रोजे चालू होते. पहाटे पावणेपाचला ती म्हणाली, "भाग्या, सहेरी करून येते, उजाडायच्या आत खायला हवं. आजींकडे बघशील?"

"जा की."

मोठ्या सिस्टर शेजारच्या वॉर्डात होत्या. भाग्यश्री उठली. खाटेच्या चाकांची कळ सोडली. खाट फिरवली. पुन्हा पहिल्यासारखी.

गोदाबाई जाग्या झाल्या. "पोरी... दक्षिणेकडं पाय नोको करू वो."

"वॉर्डाचा नियम आहे, आजी. झोपा."

म्हातारीचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं, हे ती आजही शपथेवर सांगते. गोदाबाईंनी एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. 'भाग्यश्री, तेवढी खाट फिरव.' लगेच फिरवली असती तिनं.

ती टेबलाशी जाऊन बसली. वाट बघत.

पाच मिनिटं.

दहा.

हाक आली नाही...

ती उठून गेली. वाकली. मनगट धरलं.

नाडी नव्हती.

तिनं आधी खाट फिरवली. मग सिस्टरांना ओरडून बोलावलं. डॉक्टर धावत आले, छाती दाबून दाबून थकले. शेवटी चादर तोंडावर ओढली.

सव्वापाचला उम्मेहानी जिना चढून आली. हसत होती.

"अगं, आजींना चालायला कुणी लावलं?"

भाग्यश्रीनं खाटेकडे बघितलं.

"आत्ता जिन्यात भेटल्या. एकट्या... सावकाश उतरत होत्या. मी धरायला गेले तर नको म्हणाल्या."

"काय... म्हणाल्या?"

"तुझं नाव विचारत होत्या."

"मग?"

"सांगितलं."

...

सकाळी भाग्यश्रीनं इंदुबाईंना सगळं कबूल केलं. तिचं वर्ष गेलं. आता ती कात्रजला नोकरी करते आणि नवा पेशंट आला, की आधी विचारते, डोकं कुठल्या दिशेला हवं. उम्मेहानी तिला एका शब्दानं बोलली नाही. तेच तिला अजून सलतं.

पण त्या पहाटे, मुलगा यायच्या आत दोघींनी मिळून गोदाबाईंना पुसायला घेतलं. पायांवरची चादर उम्मेहानीनं वर केली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

जिन्यापासून खाटेपर्यंत पांढरी फरशी लख्ख होती. एक डाग नाही.

दोन्ही तळवे काळ्या मातीनं भरलेले होते.

माती ओली होती.